सोबाका आणि श्वान, नातं आहे पण थेट नाही
रशियन 'सोबाका' म्हणजे कुत्रा हा शब्द संस्कृत 'श्वान'वरून गेला, असा एक दावा वाचनात आला. नातं खरंच आहे, पण ते चुलत आहे. बहुतेक अभ्यासकांचं मत असं की स्लाव्ह लोकांनी, म्हणजे रशियन, युक्रेनियन वगैरेंच्या पूर्वजांनी, हा शब्द इराणी भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून उचलला. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इराणच्या सायरस राजाच्या गोष्टीत लिहून ठेवलंय की मीड (एक प्राचीन इराणी जमात) लोक कुत्रीला 'स्पाका' म्हणतात, ते वाचून मी अक्षरशः थबकले होते! संस्कृतात जिथे श्व तिथे अवेस्तात, म्हणजे पारशी धर्मग्रंथांच्या जुन्या इराणी भाषेत, स्प, आपला अश्व तिकडे अस्प होतो ना, अगदी तसंच हे. फारसी 'सग' पण याच घराण्यातला. स्लाव्हिकचा जुना, स्वतःचा शब्द रशियनमध्ये 'प्योस', युक्रेनियनमध्ये 'पेस', तो दोन्हीकडे अजून वापरात आहे.

पण मला खरी मजा व्याकरणात वाटते. 'सोबाका' हा शब्द रशियन आणि युक्रेनियनमध्ये एकच, शेवटी आ, तरी रशियनमध्ये तो स्त्रीलिंगी, कुत्रा नर असला तरी 'बल्शाया सबाका' म्हणजे मोठी सोबाका (उच्चारात पहिला ओ अ होतो), आणि युक्रेनियनमध्ये मुख्यतः पुल्लिंगी, 'वेलिकी सोबाका'. भूतकाळी क्रियापदही त्याप्रमाणे बदलतं. शिवाय हाक मारायची तर युक्रेनियनमध्ये संबोधन विभक्ती जिवंत आहे, 'सोबाको!', रशियनमध्ये ती जवळजवळ गेलीच. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही, 'घोडा' आकारान्त असून पुल्लिंगी आणि 'शाळा' स्त्रीलिंगी हे आपण रोज बोलतोच की.