बोफोर्स: तोफ चांगली होती, मग नुकसान नेमके कोणाचे झाले?

सह्यवासी: मार्च 1986 मध्ये भारताचा स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी सुमारे 1,437 कोटी रुपयांना 155 मिमीच्या (हा नळीचा आतला व्यास) 410 तोफांचा करार झाला आणि एप्रिल 1987 मध्ये स्वीडिश रेडिओने त्यात दलाली दिली गेल्याचा आरोप केला. त्याच तोफांनी 1999 मध्ये कारगिल गाजवले. तोफ उत्तमच निघाली, तर दलालीमुळे लष्कराचे काय बिघडले?

तोफखानाप्रेमी: तोफेविषयी दुमत नाही. एरवी डोंगराआडून मारा करणारी ही तोफ टायगर हिलसमोर उघड्यावर आणून, नळी जवळपास आडवी धरून थेट शत्रूच्या बंकरवर डागली गेली. समोरून गोळे येत असताना तिथे उभ्या राहिलेल्या तोफचींचे धैर्य विसरता येणार नाही. परंतु नुकसान पुढे झाले. आरोपाच्या धास्तीने कोणी सहीच करेना, कंपन्या काळ्या यादीत जात राहिल्या, आणि 155 मिमीची नवी तोफ, म्हणजे एम-777 व के-9 वज्र, लष्करात थेट नोव्हेंबर 2018 मध्ये, आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत दाखल झाली. तीन दशके वाया गेली, हे मला दलालीच्या रकमेपेक्षा कितीतरी गंभीर वाटते.

सह्यवासी: तोफा इथेच बनवता आल्या नसत्या का?

जबलपूरकर: करारानुसार तंत्रज्ञानाची कागदपत्रे मिळाली होती, पण ती वर्षानुवर्षे पडून राहिली. त्यांच्याच आधारे जबलपूरला घडलेली ‘धनुष’ 2019 मध्ये लष्कराकडे आली. दलाल कोण, यावर संसद दणाणली. त्या आराखड्यांची चौकशी मात्र फारशी कोणी केली नाही.