प्रति: श्यानता घटली म्हणजे कण ओळीत आले का?

प्रवाहात मायसेलांच्या (साबणासारख्या रेणूंच्या सूक्ष्म पुंजक्यांच्या) द्रावणाची श्यानता, म्हणजे दाटपणा, घटलेली रिओमीटरवर (श्यानता मोजणाऱ्या यंत्रावर) दिसली, म्हणजे मायसेल प्रवाहाच्या दिशेने ओळीत आले, हा वर मांडलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. रिओमीटर सरासरी प्रतिबल, म्हणजे प्रवाहाला द्रावणाचा एकूण विरोध किती, एवढेच सांगतो. मायसेलांची रचना मात्र लहान कोनातील न्यूट्रॉन प्रकीर्णनातून (नमुन्यातून जाताना न्यूट्रॉन कसे विखुरतात यावरून), साधारण 1 ते 100 नॅनोमीटरच्या पल्ल्यात, थेट तपासता येते आणि साध्या पाण्याऐवजी जड पाणी घेतल्यास ती अधिक ठळक उमटते. तरीही नेहमीच्या कूएट पात्रात (एकात एक बसवलेल्या दोन सिलिंडरांमध्ये द्रव ठेवून त्यातला एक फिरवतात) न्यूट्रॉनांची शलाका त्रिज्येच्या दिशेने सोडली, तर मायसेलांचा प्रवाहाशी असलेला कल ज्या प्रतलात कळतो, ते प्रवाह आणि वेग-प्रवणता (वेग ज्या दिशेने बदलत जातो ती दिशा) यांचे प्रतल दिसतच नाही. त्यासाठी शलाका सिलिंडरच्या अक्षाला समांतर सोडावी लागते. त्यातच द्रावणात वेगवेगळ्या कर्तनदरांचे (द्रवाचे थर एकमेकांवरून सरकण्याच्या दरांचे) पट्टे तयार झाले असतील, तर शलाकेच्या वाटेतल्या अरुंद फटीतून प्रत्येक पट्टा स्वतंत्रपणे मोजावा लागतो, आणि फट अरुंद केली की न्यूट्रॉन कमी पोहोचत असल्याने हे काम (संयमाची परीक्षा पाहण्याइतके) लांबते.