मदत हवी आहे : बिल्डिंग कंट्रोलच्या ड्रॉइंगसाठी सर्वांना वापरता येईल असा चिन्हसंग्रह कसा लावावा?

नमस्कार.

मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कंपनीत बिल्डिंग कंट्रोलच्या, म्हणजे इमारतींतली वातानुकूलनासारखी यंत्रणा आपोआप चालवणाऱ्या नियंत्रणाच्या, ड्रॉइंगचे काम पाहतो. रुग्णालयांचे एएचयू (हवा गाळून, थंड करून खेळवणारी यंत्रे), चिलर प्लांट (पाणी थंड करणारी यंत्रणा) आणि रावेर-सावदा भागातली केळी पिकवण्याची रायपनिंग चेंबर अशी आमची कामे असतात. आम्ही चौघे ड्रॉइंग काढतो, तिघे ऑटोकॅडवर आणि एक जण व्हिजिओवर (दोन्ही ड्रॉइंगची सॉफ्टवेअर). प्रत्येक जण आपल्या जुन्या कामांतली चिन्हे उचलून वापरत आल्यामुळे फिल्टरवरच्या साध्या डीपीएसचीसुद्धा (दाबातल्या फरकावर चालणारा स्विच) आज आमच्याकडे तीन वेगवेगळी चित्रे आहेत. हे सारे एका शिस्तीत आणण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे.

ही गरज कशी जाणवली ते आधी सांगतो, कारण माझे प्रश्न त्यातूनच निघाले आहेत. गेल्या उन्हाळ्यात एका रुग्णालयाच्या कामासाठी मी जुन्या ड्रॉइंगमधला एक भाग नव्या शीटवर पेस्ट केला. जुन्या फाइलमध्ये ‘टीएस’ नावाचा ब्लॉक (एका नावाने साठवलेले तयार चिन्ह) म्हणजे डक्टमधला (हवेच्या मार्गातला) तापमान सेन्सर होता, तर नव्या फाइलमध्ये त्याच नावाचा ब्लॉक थर्मोस्टॅटचा (ठरावीक तापमानाला चालू-बंद होणाऱ्या स्विचचा) होता. एकाच नावाचे दोन ब्लॉक एकत्र आले की ऑटोकॅड त्या फाइलमध्ये आधीपासून असलेली व्याख्या राखते आणि बाहेरून आलेली सोडून देते. त्यामुळे माझे सगळे सेन्सर नव्या शीटवर थर्मोस्टॅट झाले आणि ते माझ्या लक्षात आले नाही. ड्रॉइंगवरून पॉइंट लिस्ट (कंट्रोलरला जोडायच्या सिग्नलांची यादी) करणाऱ्या सहकाऱ्याने ते एआयऐवजी (बदलते मूल्य देणारा ॲनालॉग इनपुट) डीआय (फक्त चालू-बंद सांगणारा डिजिटल इनपुट) म्हणून मोजले, कंट्रोलरची निवड त्याच आकड्यांवर झाली आणि साइटवर सेन्सरला लागणाऱ्या शील्डच्या (संरक्षक आवरणाच्या) केबलऐवजी शील्ड नसलेली केबल ओढली गेली. ऐन मे महिन्यात, इथला पारा ४५ अंशांच्या घरात असताना, ऑपरेशन थिएटरच्या एएचयूचे काम त्यामुळे अडून राहिले. चूक माझी होती आणि ती पुन्हा कोणाच्याही हातून होऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

काही गोष्टी मी ठरवल्या आहेत. ब्लॉकमधल्या सर्व रेषा शून्य लेयरवर (ड्रॉइंगच्या मूळ थरावर) आणि बायलेयर (थराचाच) रंगात काढायच्या, म्हणजे चिन्ह ज्या लेयरवर ठेवू त्याचा रंग आणि जाडी घेईल. एकक सर्वत्र मिलिमीटर ठेवायचे. इंचांत काढलेले काही तयार ब्लॉक आमच्या शीटवर २५.४ पट लहान-मोठे होऊन आल्याचा अनुभव आम्ही घेतला आहे. मॉडेल क्रमांक ब्लॉकच्या नावात न घालता ॲट्रिब्यूटमध्ये (ब्लॉकसोबत भरता येणाऱ्या मजकुरात) लिहायचा.

अडचण पुढे आहे. पहिला प्रश्न वर्गीकरणाचा आहे. संग्रह एएचयू, चिलर, पंप अशा यंत्रणांनुसार लावला तर तोच तापमान सेन्सर चार ठिकाणी ठेवावा लागतो आणि पुन्हा चार चित्रे तयार होण्याची वाट मोकळी होते. उपकरणांनुसार लावला तर नव्या मुलांना हवे ते पटकन सापडत नाही. दुसरा प्रश्न दुरुस्तीचा. संग्रहातले चिन्ह बदलले तरी जुन्या ड्रॉइंगमध्ये जुनीच प्रत राहते. व्हिजिओमध्येही शीटवर ओढलेल्या आकाराचा मास्टर (मूळ नमुना) त्या फाइलच्या स्वतःच्या स्टेन्सिलमध्ये (आकारांच्या संचात) उतरतो आणि मूळ स्टेन्सिलशी त्याचा संबंध उरत नाही. मग जुन्या फाइल उघडून बदलाव्यात, की जशा आहेत तशा राहू द्याव्यात? तिसरे म्हणजे, रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन आणि कार्बन डायऑक्साइड मोजावे लागतात, परंतु वातानुकूलनाच्या तयार चिन्हांत इथिलीन सेन्सर मला कोठेच मिळाला नाही. त्यासाठी स्वतःचे चिन्ह तयार करणे योग्य ठरेल का?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

मी दीपनगरच्या वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंटेशनचे (मोजमाप आणि नियंत्रणाच्या उपकरणांचे) काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो. आपल्याकडे चिन्हे गरजेपेक्षा जास्त आहेत, हे मला मूळ दुखणे वाटते. आयएसए ५.१ या इन्स्ट्रुमेंटेशनच्या चिन्हांच्या मानकात प्रत्येक सेन्सरसाठी वेगळे चित्र नसते. वर्तुळ एकच असते आणि आतली अक्षरे बदलतात : टीटी म्हणजे तापमान ट्रान्समीटर (मोजलेले मूल्य सिग्नलने पाठवणारा), टीएस म्हणजे तापमान स्विच. आपण ज्याला डीपीएस म्हणता ते तिथे पीडीएस असे लिहितात. अक्षरे ॲट्रिब्यूट म्हणून ठेवली की पन्नास ब्लॉकांचे काम एका ब्लॉकवर भागते आणि वर्गीकरणाचा प्रश्नही बराचसा सुटतो. वेगळे चित्र फक्त व्हॉल्व्ह, डँपर, कॉइल, पंखा, पंप अशा प्रवाहाच्या मार्गातल्या वस्तूंचे ठेवावे. पूर्ण एएचयूचा नमुना मात्र चिन्हांत मिसळू नये. त्याचा फोल्डर स्वतंत्र असावा, आणि नवी मुले तिथूनच सुरुवात करतील.

इथिलीनसाठी नवे चिन्ह नको. ‘ए’ हे पहिले अक्षर वायू वा द्रवाच्या विश्लेषणासाठी आहे. वर्तुळात ‘एटी’ आणि वर्तुळाबाहेर वायूचे नाव लिहावे.

मंजूर झालेल्या जुन्या ड्रॉइंगना हात लावू नका, कारण साइटवर त्याच कागदावरून काम झालेले असते. चिन्ह बदलले तर जुन्या नावाची व्याख्या न बदलता नावापुढे आवृत्तीचा आकडा जोडून नवा ब्लॉक करा. नावे वेगळी असली की आपल्या ‘टीएस’सारखी अदलाबदल होणार नाही.

धागाकर्ता :

आपला मनापासून आभारी आहे. नमुने वेगळे ठेवण्याचे आणि आवृत्तीचे सूत्र मी लगेच अमलात आणतो. एक शंका मात्र उरते. अक्षरे हाताने भरायची झाल्यास टीटीच्या जागी टीएस लिहिले जाण्याचा धोका राहतोच. डेटा एक्स्ट्रॅक्शनने (ॲट्रिब्यूटमधली माहिती तक्त्यात काढण्याच्या ऑटोकॅडच्या सोयीने) काढलेल्या तक्त्यात प्रत्येक टॅगची (उपकरणाच्या ओळखीची) अक्षरे आणि त्यापुढचा सिग्नलचा प्रकार जुळतो का, हे ड्रॉइंग बाहेर पाठवण्यापूर्वी तपासण्याचा माझा विचार आहे. अशी तपासणी कोणी नियमितपणे करत असल्यास आपल्या तक्त्यात कोणते रकाने ठेवता, ते कृपया कळवावे.