सवडीने खेळणाऱ्याने ‘मॅजिक’ शिकावा की ‘हार्थस्टोन’?

धरमपेठकर

माझ्या भाचीची दहावीची परीक्षा संपली आणि तिने विचारले, की जादूगार-राक्षसांच्या पत्त्यांचा एखादा खेळ शिकायचा झाला तर ‘मॅजिक : द गॅदरिंग’ शिकावा की फोनवरचा ‘हार्थस्टोन’. ती रोज खेळणारी नाही. आठवड्यातून एखादी दुपार मिळाली तर मिळाली. अशा खेळाडूसाठी माझे उत्तर मॅजिक हे आहे आणि त्याचे कारण मांडून इतरांचे म्हणणे ऐकावे, यासाठी हा धागा काढतो आहे.

दोन्ही खेळांचा सांगाडा सारखाच आहे. माना नावाची शक्ती खर्च करून प्राणी आणि मंत्र खेळायचे आणि समोरच्याचे प्राण शून्यावर आणायचे; मॅजिकमध्ये ते २० असतात, हार्थस्टोनमध्ये ३०. मॅजिक हा खेळ रिचर्ड गारफील्ड या गणिताच्या अभ्यासकाने रचला आणि तो १९९३ मध्ये बाजारात आला. ब्लिझर्ड कंपनीचा हार्थस्टोन २०१४ मध्ये आला. मात्र एका ठिकाणी दोन्ही खेळ पूर्णपणे वेगळे होतात: कोणी कोणाशी भिडायचे हे हार्थस्टोनमध्ये हल्ला करणारा ठरवतो, तर मॅजिकमध्ये हल्ला कोणी अडवायचा हे बचाव करणारा ठरवतो. म्हणजे समोरच्याची खेळी चालू असतानाही मॅजिकमध्ये तुम्हाला काम असते.

परवा दुपारी कूलरसमोर सतरंजी टाकून आम्ही खेळत होतो आणि पत्ते उडू नयेत म्हणून तिने आपल्या डेकवर, म्हणजे पत्त्यांच्या गठ्ठ्यावर, आजीचा अडकित्ता ठेवला होता. तीनचा वार करणारा आणि चारचा वार बसला की मरणारा राक्षस मी पुढे काढला. तिच्याकडे दोन-दोन बळाचे, म्हणजे दोनचा वार करणारे आणि दोनचा वार बसला की मरणारे, दोन सैनिक होते. ती बराच वेळ दोन्ही पत्त्यांवर बोटे ठेवून बसली आणि मग दोघांनाही एकदम माझ्या राक्षसापुढे सरकवले. तिचा एक सैनिक गेला, माझा राक्षस गेला, आणि हे सगळे माझ्या खेळीत घडले. हा आनंद हार्थस्टोनमध्ये नाही.

वर्धा रोडवरून

आपले म्हणणे मी आदराने वाचले. तरीही ते मला मान्य नाही, कारण आपण सवडीने खेळणारा म्हणता तेव्हा आपल्यासमोर मोकळी दुपार आणि सतरंजीवर बसलेली भाची आहे. मी मिहानमधली पाळी संपवून रात्री साडेदहाला घरी पोहोचतो. त्या वेळी मला दहा मिनिटांचा एक डाव हवा असतो आणि समोर बसायला कोणीही नसते. माझ्या ओळखीत मॅजिक खेळणारे दोघेच होते. त्यांतला एक नोकरीसाठी पुण्याला गेला आणि दुसऱ्याचे डेक तेव्हापासून कपाटातच आहेत.

दुसरी गोष्ट लँडची. मॅजिकमध्ये माना देणारे लँडचे पत्ते डेकमध्येच मिसळलेले असतात. ६० पत्त्यांच्या डेकमध्ये २४ लँड ठेवल्या, तर हिशेबाने साधारण सातातून एकदा पहिल्या सात पत्त्यांत एकच लँड येते किंवा एकही येत नाही. ज्याला आठवड्यातून दोनच डाव मिळतात, त्याने त्यांतला एक डाव माना नाही म्हणून हात चोळत का घालवावा? हार्थस्टोनमध्ये मानाचे स्फटिक दर खेळीला एकेक करून दहापर्यंत आपोआप वाढतात. डेकही ३० पत्त्यांचाच असतो आणि एकेका खेळीला सव्वा मिनिटाची मर्यादा असल्यामुळे, पडद्यावर वेळ संपत आल्याची वात जळू लागली की समोरच्याला निर्णय घ्यावाच लागतो.

बचावाबद्दल म्हणाल तर ‘टाँट’ असलेला प्राणी मैदानात असेल तर समोरच्याच्या प्राण्यांना आधी त्याच्याशीच भिडावे लागते. बचाव तिथेही आहे. फरक इतकाच, की तो आपल्या खेळीतच योजून ठेवावा लागतो.

महालकर

मी घरातल्या मुलांना दोन्ही खेळ शिकवले आहेत, आणि समोरच्याच्या खेळीत हात घालण्याची जी मुभा धरमपेठकरांना आवडते, तिथेच नवखा माणूस सर्वांत जास्त गोंधळतो, असा माझा अनुभव आहे. एक प्रसंग सांगतो. धाकट्याने ‘ग्रिझली बेअर्स’ या दोन-दोन बळाच्या अस्वलांनी हल्ला केला आणि थोरल्याने तीन-तीन बळाचा ‘हिल जायंट’ आडवा घातला. धाकट्याने ‘जायंट ग्रोथ’ टाकून अस्वलांचे बळ तीन-तीनने वाढवले. थोरल्याने लगेच ‘लाइटनिंग बोल्ट’ टाकून त्यांना तीनचा फटका दिला. नियमाप्रमाणे मागून टाकलेला मंत्र आधी लागू होतो, त्यामुळे बळ वाढण्याच्या आधीच अस्वले मेली. धाकटा म्हणत होता, “मी आधी टाकला, मग माझा आधी का नाही?” नियम बरोबर होता, पण तो दहा वर्षांच्या मुलाला पटवून देण्यात माझा अर्धा तास गेला आणि पत्ते गोळा करून तो उठला तो उठलाच. हार्थस्टोनमध्ये हा वाद उद्भवतच नाही, कारण कोणत्या मंत्राचा परिणाम आधी हे यंत्रच ठरवते आणि बेरीज-वजाबाकीही तेच करते.

इतवारीकर

इथे आतापर्यंत कोणी काढला नाही असा एक मुद्दा मांडतो, तो म्हणजे खंड पडल्यावर परतण्याचा. सवडीने खेळणारा माणूस मधे वर्ष-दीड वर्ष खेळतच नाही. मी हार्थस्टोन सोडून दोन वर्षांनी पुन्हा उघडला, तेव्हा ज्या डेकवर मी जीव लावला होता, त्यातले बहुतेक पत्ते मुख्य ‘स्टँडर्ड’ प्रकारातून बाद झालेले होते आणि ते फक्त जुने पत्ते चालणाऱ्या ‘वाइल्ड’ प्रकारात चालत होते. मग जुने पत्ते मोडून नवे घडवायला गेलो, तर ‘लेजंडरी’ म्हणजे सर्वांत दुर्मीळ पत्ता मोडल्यावर नवे पत्ते घडवायची जी धूळ मिळते ती ४००, आणि तसाच नवा घडवायला लागते १६००. चार मोडावेत तेव्हा एक मिळतो. ते पत्ते कोणाला देता येत नाहीत आणि विकताही येत नाहीत. मॅजिकच्या स्पर्धांतही पत्ते बाद होतात, हे मला ठाऊक आहे. पण घरच्या सतरंजीवर तो नियम कोण लावतो? कपाटातला डेक पाच वर्षांनी काढला तरी तो जसाच्या तसा चालतो आणि भाचीला देऊनही टाकता येतो.

एवढे मात्र पाळावे, की चकचकीत फॉइलचे पत्ते पावसाळ्याच्या दमटपणात वाकतात. ते उघडे ठेवू नयेत.

वर्धा रोडवरून

इतवारीकरांची तक्रार रास्त आहे आणि मीही ती सोसली आहे. पण तिला उत्तर हार्थस्टोनमध्येच आहे. २०१९ मध्ये आलेल्या ‘बॅटलग्राउंड्स’ या प्रकारात आठ जण एकत्र उतरतात आणि कोणाचाही स्वतःचा डेक नसतो. जे प्राणी विकत घ्यायचे ते त्या डावातल्या दुकानातूनच, डावात मिळालेल्या नाण्यांवर. तिथे दोन वर्षांनी परतणाऱ्याला नवे प्राणी ओळखावे लागतात, पण जुना संग्रह नाही म्हणून तो मागे पडत नाही. मी आता बहुतेक हेच खेळतो.

धरमपेठकर

बॅटलग्राउंड्सचा मुद्दा मला मान्य आहे. एकट्या माणसाला रात्री साडेदहाला दुसरे काही सुचवणे माझ्याच्याने होणार नाही.

महालकरांचा प्रसंग वाचून मी काल संध्याकाळी भाचीचे दोन्ही डेक उलगडून बसलो. समोरच्याच्या खेळीत टाकता येणारे ‘इन्स्टंट’ प्रकारचे सगळे मंत्र मी बाजूला काढले आणि फक्त आपल्याच खेळीत चालणारे ‘सॉर्सरी’ मंत्र आणि प्राणी ठेवले. मंत्रावर मंत्र चढण्याचा गोंधळ त्यामुळे जवळजवळ संपतो. आपल्यापैकी कोणी म्हणेल, की मग हा हार्थस्टोनच झाला. तसे नाही, कारण हल्ला अडवण्याचा निर्णय बचाव करणाऱ्याकडेच राहिला आहे, आणि माझ्या मते नवख्याने तेवढाच आधी शिकावा. इन्स्टंट मंत्र दोन महिन्यांनी, एकेक करून.

लँडचा हिशेबही मी मांडून पाहिला. घरी ६० पत्त्यांचा आग्रह धरायचे कारण नाही. ४० पत्त्यांत १७ लँड ठेवल्या, तर एक किंवा शून्य लँडचा हात, म्हणजे सुरुवातीचे सात पत्ते, सातातून एकदा येण्याऐवजी दहातून साधारण एकदा येतो, आणि तसा आला तर २०१९ पासूनच्या नियमाप्रमाणे पुन्हा सात पत्ते घेऊन त्यांतला नको असलेला एक डेकच्या तळाशी सरकवता येतो. भाचीने आज सकाळी तो हात एकदा बदलला. दुसऱ्या हातात तीन लँड आल्या.