आईच्या खोलीला मोरपंखी की हळदी?

तिसरा_मजला
डोंबिवलीतला जुना फ्लॅट. दहा बाय अकराची खोली, उत्तरेला एकच खिडकी आणि समोर हाताच्या अंतरावर शेजारच्या बिल्डिंगची भिंत. दुपारी बारालाही ट्यूब लागते. आता ही खोली आईची. तिला चारही भिंती मोरपंखी हव्यात, "माझ्या शालूसारख्या". नवरा म्हणतो हळदी, खोली उजळेल. मला त्यात लग्नाचा हॉल दिसतो. वर आणखी गंमत अशी की आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या महिन्यात झालं, डावा दिवाळीआधी करायचाय. शेडकार्डावरच्या त्याच मोरपंखीला कधी निळा म्हणते, कधी हिरवा! पेंटर सोमवारी येतोय.

पॉलिशपेपर
वडील रंगारी, त्यामुळे सुट्ट्या भिंती घासण्यात गेल्या. गडद रंगाच्या बेसमध्ये (ज्यात छटा मिसळतात तो मूळ रंग) खालची भिंत झाकणारं पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड कमी असतं, म्हणून तो नीट झाकत नाही. रंगाच्या दोन हातांत भागेल असं पेंटर म्हणाला तरी तीन धरा, आणि प्रायमर करड्या छटेचा मारून घ्या. हळदीही झाकायला तितकाच आळशी. शिवाय चारही भिंतींना दिला तर त्या एकमेकींवर पिवळा उजेड टाकतात, कार्डावर दिसतो त्यापेक्षा भडक वाटतो. मोरपंखी घेतलात तर मॅटच घ्या, चकाकीत लांबीचे (पुट्टीचे) सगळे पॅच दिसतात. माझं मत: पलंगाच्या डोक्यामागची एकच भिंत मोरपंखी, बाकी ऑफव्हाइट.

चष्मा_कुठेय
ताई, आई गोंधळलेल्या नाहीत. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा उजेड अडवतं. ऑपरेशनमध्ये ते काढून स्वच्छ भिंग बसवतात. माझा एक डोळा झाला तेव्हा वर्षानुवर्षं क्रीम समजून वापरलेला सदरा पांढरा निघाला. त्यांना एकेक डोळा झाकून रंग विचारा. आणि कार्डाचा तुकडा नको, सॅम्पलची छोटी डबी आणून मोठ्या कार्डशीटवर दोन हात मारा, वाळू द्या, मग त्याच ट्यूबखाली भिंतीला टेकवून बघा.

तिसरा_मजला
दोन्ही शीट केल्या. हळदी आमच्या थंड पांढऱ्या ट्यूबखाली आजारी, हिरवट दिसला. नवऱ्याने स्वतःच उचलून बाजूला ठेवला. आईने उजव्या डोळ्याने मोरपंखी पाहिला, "अगदी शालू". डाव्याने, "हे शेवाळ कोणी आणलं?" म्हटलं डावा होईपर्यंत थांबू या. तर म्हणाली, "उजव्याला दिसतो तोच खरा. डावा येईल मागून."

पॉलिशपेपरदादा, एकाच भिंतीचं तिला पटलं, पण डोक्यामागची नको म्हणाली. "झोपल्यावर मला काय पाठीला डोळे आहेत?" पलंगासमोरची भिंत ठरली. कपाट तिथून हलवायचंय, तेवढं सोमवारआधी जमायला हवं.