मदत हवी आहे : जुन्या नटांच्या मुलाखतींच्या कॅसेट कशा जतन कराव्यात?

माझ्या काकांनी बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत आणि 'प्रभात' फिल्म कंपनीत लहानमोठी कामे केलेल्या वृद्ध कलावंतांच्या घरी जाऊन १९८०च्या दशकात घेतलेल्या मुलाखतींच्या कॅसेट आता माझ्याकडे आल्या आहेत. कोकणातल्या दमट हवेमुळे काहींच्या फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरली आहे, तर एकीतला फीत दाबून धरणारा नमद्याचा (दाबलेल्या लोकरीचा) तुकडाच निघाला आहे. म्हणून त्या मी वाजवून पाहिलेल्या नाहीत. बऱ्या अवस्थेतल्या एका कॅसेटमध्ये एक गायक नट बोलता बोलता थांबून पेटीवाल्याकडे काळी चारचा (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा) सूर मागतात आणि पद म्हणू लागतात. हे कागदावर कसे उतरणार?

बुरशी घरी साफ करावी की तज्ज्ञांकडेच द्यावी? प्रत्येक कॅसेटप्रमाणे हेडचा (यंत्रातल्या फीत वाचणाऱ्या भागाचा) कोन जुळवून ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह (WAV, ध्वनी न आकसता साठवणाऱ्या) स्वरूपात अंकीकरण (डिजिटायझेशन) करणारे पुण्यात वा कोल्हापुरात कोणी खात्रीचे आहे का? (एमपी३ ऐकण्यापुरती ठीक, जतनासाठी नव्हे, असे माझे मत आहे.) त्या काळी कोणाचीही लेखी संमती घेतलेली नव्हती, तेव्हा मूळ फिती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थेकडे सोपवण्यापूर्वी वारसांकडून कोणत्या मजकुराचे संमतिपत्र घ्यावे, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.