ते शेवाळ नव्हेच!
समुद्री माशांच्या टाकीत शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी सोडूनही वाळूवरचा लाल थर हटेना, असं तुम्ही लिहिलंय. हटणार कसा? ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उजेडावर जगणारे जिवाणू; आपला रंकाळा तलाव हिरवा पडतो ना, त्याच भावकीतले. माझ्याकडं दुपारपर्यंत थरावर बुडबुडे धरायचे, चिमटीत धरलं की सायीसारखा अख्खा तुकडा निघायचा. नळीनं ओढून काढाच, पण खरी मेख पाण्यात. टाकीसाठी पाणी गाळतो त्या आरओ-डीआय फिल्टरच्या पाण्याचं टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य पाहिजे. माझं रेझिन (उरलेले क्षार शोषणारे फिल्टरमधले दाणे) कधीच संपलेलं, मीटर १८ दाखवत होता! रेझिन बदललं, पंपाचं तोंड पाणी साचून राहणाऱ्या कोपऱ्याकडं वळवलं, खाणं निम्मं केलं. खाण्या-घाणीतून पाण्यात साठणारं नायट्रेट मात्र पार शून्यावर नेऊ नका. ते संपून तसंच साठणारं फॉस्फेट तेवढं उरलं तर या सायनोबॅक्टेरियांचंच फावतं. एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक अगदी शेवटी, आणि तेव्हा हवा जोरात सोडा, थर मरताना ऑक्सिजन खाली येतो.